पाटावर कोण बसलं

१४ मार्च १९५४, रविवार. बेलवली, बदलापूर

पोचले एकदाची! मुंबईहून निघताना प्रत्येकाने एकेक सूचना दिली होती. खिडकीशी बसू नकोस, दाराशी बसू नकोस, कुबड्या हातातून सोडू नकोस. मी सगळ्यांना हो म्हटलं आणि एकही पाळली नाही. स्टेशनाबाहेर चिंतामणीदादा बैलगाडी घेऊन उभा होता. गाडीत दोन गाद्या, चार उशा, वर ताडपत्री. मी म्हटलं, दादा, बहीण न्यायला आलास की आंब्याची पेटी? तो बिचारा ओशाळला. माझ्या दादाला ओशाळायला काहीही पुरतं.

घर छान आहे. कौलारू, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटी, मागे अंगण, विहीर आणि जांभळाचं झाड. उल्हास नदी दहा मिनिटांवर. दादा अंबरनाथला एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे, सकाळी सातला जातो तो संध्याकाळी सहाला येतो. दिवसभर घरात मी आणि बकुळावहिनी. वहिनींना मूलबाळ नाही, त्यामुळे सगळे लाड माझ्या वाट्याला येणार असं दिसतं. आल्या आल्या त्यांनी माझी दृष्ट काढली आणि मग शिरा पुढे केला.

हवापालटाची रोजनिशी नीट ठेवायची तर पहिल्यापासून लिहायला हवं. डिसेंबरात डॉक्टरांनी माझ्या उजव्या खुब्यातला सांधा काढून टाकला. क्षयाने तो आतून पोखरला होता. मांडीच्या हाडाचं वरचं बोंड, लिंबाएवढं, कापून काढलं. आता ते हाड नुसतं मांसात अडकून आहे. डॉक्टर म्हणाले, हळूहळू तिथे गाठ धरेल, पाय दोन इंच आखूड राहील, पण काठीवर चालाल. आणि मी चालणारच. मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र या वहीतच ठेवलंय. चौदा जूनपर्यंत जागा राखून ठेवते, काठी चालेल, मात्र वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि पायऱ्या अडतीस आहेत. मी एकोणतीस वर्षांची बिनलग्नाची मास्तरीण. त्या वर्गाखेरीज माझं असं या जगात दुसरं काही नाही.

२१ मार्च, रविवार

पाय नीट असलेल्या माणसाला घर किती जमिनीलगत असतं ते कळतच नाही. जेवायचं पाटावर, विळी जमिनीवर, चूल जमिनीवर, देव जमिनीवर, आणि परसाकडची गोष्ट तर बोलायलाच नको. मला खाली बसता येत नाही. मांडी घालायला गेलं की उजवी मांडी आपली आपण बाहेर वळते आणि कुल्ल्यातून कळ थेट डोक्यात जाते. दादाने सुताराकडून माझ्यासाठी एक उंच स्टूल आणि एक भोकाची खुर्ची करून घेतली आहे. जेवताना ते दोघं पाटावर आणि मी वर स्टुलावर, परीक्षेला आलेल्या इन्स्पेक्टरबाईसारखी.

आज दादाने कारखान्याची गाडी मागून मला उल्हासनगरला, दोन नंबरच्या कॅम्पात नेलं. तिथे मिलिटरीच्या जुन्या बराकीत पेसूमल नावाच्या सिंध्याचं बुटांचं दुकान आहे. म्हातारा गुडघ्यावर बसून दोन्ही पाय मोजत होता, इतक्या हळुवारपणे की मला उगीच रडू आलं. उजव्या बुटाला दोन इंच जाडीचा बुचाचा तळ लावून देणार आहे. म्हणाला, "अदी, ऐसा बूट बनाएगा, कोई बोलेगा भी नहीं के पाँव छोटा है." अदी म्हणजे त्यांच्यात ताई. बूट महिन्याने मिळतील.

७ एप्रिल, बुधवार

ओटीच्या तीन पायऱ्या आज बारा वेळा चढले, उतरले. बारा त्रिक छत्तीस! आणखी दोन पायऱ्या चढले की शाळा आली. काखेत कुबड्यांनी सालटं निघालंय, वहिनी खोबरेल लावतात आणि चुकचुकतात.

शेजारच्या बनूबाई ओटीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, सोमवारी तुम्हाला नदीवर पाहिलं, बादली घेऊन ताठ चालत होतात, फार बरं वाटलं. मी म्हटलं, बनूबाई, कल्याणला जाऊन चष्मा घ्या. त्या रुसल्या. मला गंमत वाटली. त्यांच्या डोळ्यांना का होईना, मी धावतेय.

१२ एप्रिल, सोमवार

चंद्री म्हणून बारवीकडच्या पाड्यावरची बाई धुण्याभांड्याला येते. कष्टाळू आहे, तोंडाची फटकळ आहे, मला आवडते. आज ती माझ्या खोलीत केर काढायला येईना. दारातूनच म्हणाली, "बाय, तू काल दुपारशी नदीतशी वर आलीस. कंबरभर पान्यातशी. अन् पाय तुझे सुके व्हते." मी काल दुपारी पलंगावर झोपले होते, वहिनी समोर तांदूळ निवडत होत्या. तसं सांगितलं तर चंद्रीने कुबड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि केरसुणी तिथेच टाकून गेली.

आता मात्र गंमत वाटली नाही.

१८ एप्रिल, रविवार

वहिनींच्या तोंडून निघून गेलं. चंद्रीचं ऐकून त्या घाबरल्या होत्या. म्हणाल्या, "यांना मी तेव्हाच सांगत होते, जित्या माणसाचं असलं काही करू नये म्हणून." मग दादाला समोर बसवून सगळं काढून घेतलं.

शस्त्रक्रियेनंतर दादाने इस्पितळातल्या माणसाकडून माझं ते हाडाचं बोंड मागून घेतलं होतं. बहिणीचं हाड गटारात कसं जाऊ द्यायचं, म्हणून. इथवर मला त्याची मायाच वाटली. इथे आणून त्याने ते नदीकाठी जाळलं. मग त्याला वाटलं, नुसतं जाळून कसं भागेल? भटजींकडे गेला. पण बहीण जिवंत आहे हे सांगायची लाज वाटली, भटजी हसतील म्हणून. बहिणीच्या अस्थी आहेत, एवढंच म्हणाला. भटजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं. याने वृंदा सांगितलं. दहा दिवसांचं सगळं झालं. दहाव्याला पिंड ठेवला.

मी इस्पितळात पेज पीत होते आणि इथे माझा दहावा चालला होता! मी हसले. खरंच हसले. विचारलं, कावळा तरी शिवला का रे? दादा मान खाली घालून म्हणाला, तासभर शिवेना. भटजी म्हणाले, गेलेलीची काय इच्छा राहिली असेल ती पुरी करीन म्हणून सांगा. दादाने हात जोडून सांगितलं, "वृंदा, तू पुन्हा दोन पायांवर चालशील. शाळेत जाशील. मी स्वतः तुला पोचवीन." तेवढ्यात कावळा उतरला.

माझं हसू थांबलं. दादा, हा शब्द तू मला दिला नाहीस. मग कोणाला दिलास?

२५ एप्रिल, रविवार

दादा कॅम्पातून बूट घेऊन आला. खोका माझ्यासमोर ठेवला. उघडून पाहिलं. दोन्ही बूट सारखे. उजव्याचा बुचाचा तळ सोलून काढलेला, सुरीचे ओरखडे अजून ताजे.

पेसूमलने त्याला सांगितलं की गुरुवारी बहेनजी खुद्द आल्या होत्या. पायी. दुकानाच्या पायऱ्या चढून वर आल्या, बूट घालून बघितले आणि म्हणाल्या, तळ काढून टाका, आता गरज नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. पैसेही घेतले नाहीत.

मी दादाला शपथेवर सांगितलं की मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. तो बरं म्हणाला. दादा जेव्हा नुसतं बरं म्हणतो तेव्हा त्याला पटलेलं नसतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

४ मे, मंगळवार

पाहिली.

दुपारचे दोन वाजले होते. वहिनी स्वयंपाकघरात. मी खिडकीशी. जांभळाखाली कोणीतरी पाठमोरी उभी होती. माझं हिरवं लुगडं, माझा अंबाडा. ती चालायला लागली. विहिरीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. सावकाश, पाऊल नीट टेकवून, मोजत. ओटीवर मी करते तशी. सराव करत होती.

तिचा उजवा पाय पुढे पडला की माझ्या खुब्यातल्या पोकळ जागी काहीतरी ओढलं जायचं. प्रत्येक पावलाला. मी ओरडले. वहिनी येईपर्यंत अंगणात कोणी नव्हतं.

पाय मोजला. आखूडपणा दोन इंच होता, तो अडीच झालाय.

९ मे, रविवार

दादाने कुबड्या नेल्या.

तो घरी होता आज. दुपारी मागच्या दारात उभा राहून त्याने अंगणात तिला पाहिलं. मला पाहिलं, असं तो म्हणतो. पळत माझ्या खोलीत आला तर मी पलंगावर, कपाळाला घाम. त्याचा अर्थ त्याने सरळ लावला. रागावला असता तर बरं झालं असतं. माझ्या पायाशी बसून रडला. म्हणाला, तुला चालता येतंय, फक्त भीती जात नाही, डॉक्टरांनी मला बजावलं होतं की काहींना कुबड्यांची सवय लागते, मग त्या सुटत नाहीत. तुझ्या भल्यासाठी करतोय, वृंदा.

मी पाया पडले त्याच्या. म्हणजे पडायला गेले आणि पलंगावरून खालीच पडले. तरी तो कुबड्या काखेत घेऊन गेला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये कुलपात ठेवणार आहे.

चाळीस पायऱ्यांच्या सरावावर आले होते मी. चाळीस!

१३ मे, गुरुवार

स्टूल आडवं पाडून त्याला धरून सरकते. पलंग ते दार, अर्धा तास लागतो. भोकाची खुर्चीही अंगणात काढून ठेवलीय. वहिनींना हाक मारली तर म्हणतात, "वन्सं, चला ना आपल्या आपण, काल कशा आलात?"

आज दोनदा अंथरूण ओलं झालं. हे लिहायचं नव्हतं. पण कोणाला तरी कळायला हवं की मी नाटक करत नाही. मला लाज वाटते, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटते.

१८ मे, मंगळवार

वहिनी खुशीत आल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, काल किती मदत केलीत, एकटीने दीडशे पापड लाटलेत. मांडी घालून, पोळपाटावर वाकून, तीन तास.

मी विचारलं, बोलले का मी काही?

थोडंच बोललात, म्हणाल्या. शाळेचं बोललात.

वहिनी, माझे हात बघा, पीठ तरी लागलंय का कुठे? माझ्या अंगाचा वास घ्या. मी तीन दिवस आंघोळ केलेली नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आता सकाळीच तर केलीत.

२२ मे, शनिवार

डावा पायही. चांगला होता तो. आज त्यावर भार दिला तर खुबा कुरकुरला आणि पाय खालून निसटला. उजव्याचं सुरुवातीला असंच झालं होतं.

ती जेवढी चालेल तेवढी मी उणी होणार. हे मला आता कोणी समजावून सांगायला नको.

२६ मे, बुधवार

आज देवाने बुद्धी दिली. दादाला म्हटलं, माझं खरं मानू नकोस, पण एकच कर. भटजींकडे जा आणि त्यांना सांग की जिचा दहावा केला ती जिवंत आहे. ओशाळू नकोस. या एकदाच ओशाळू नकोस.

गेला. संध्याकाळी परत आला तो पांढराफटक पडून. भटजींनी कपाळावर हात मारून घेतला म्हणे. ज्याचे दिवस घातले तो माणूस जिवंत निघाला, तरी शास्त्राने मेलेलाच. त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. न्हाऊमाखू घालायचं, बाळासारखं पाटावर बसवायचं, कानात नाव सांगायचं, बारसं करायचं. मग तो परत आपल्यातला झाला. तोवर त्या नावाला कोणी धनी नाही. जी पाटावर बसेल तिचं ते नाव.

सहा जूनला, रविवारी मुहूर्त आहे.

दादाने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. किती वाळलीस गं, म्हणाला. कुबड्या आणून देतो म्हणाला. मी इतकी रडले की वही भिजली.

३१ मे, सोमवार

पाटाला जमीन लागली पाहिजे. स्टूल चालायचं नाही. मांडी नसली तरी चालेल, पाय पसरून बसा, पण पाटावर टेका, असं भटजींनी कळवलंय.

सराव करते. पलंगावरून घसरून पाटावर. भिंतीला पाठ. पहिल्या दिवशी दहा आकडे मोजले, आज साठ. कळ येते तेव्हा ओठ चावते. वर्गातल्या मुलींची नावं हजेरीच्या क्रमाने म्हणते. अंजनी, गोदू... चौतीस नावं होतात. चौतिसावं नाव येईपर्यंत बसता आलं तर पुरे.

ती अंगणात नसते आता. कुठे गेली?

४ जून, शुक्रवार

दोन्ही पाय गेले. कुबड्या परत आल्या त्या भिंतीला टेकून उभ्या आहेत, मला घेता येत नाहीत. हरकत नाही. दादा रविवारी मला उचलून पाटावर बसवणार आहे. कबूल केलंय त्याने. माझ्या डोक्यावर हात ठेवून.

वहिनींनी नवीन लुगडं आणलंय. बाळंतविडा म्हणे, माझाच. हसले मी. खूप दिवसांनी.

दादा, विसरू नकोस. उचलायला ये.

६ जून, रविवार. सकाळ

पहाटेपासून जागी आहे. बाहेर माणसं आलीत. बनूबाईंचा आवाज. चंद्री नाही आली, ती पाड्यावर निघून गेली कायमची.

न्हायला अजून कोणी आलं नाही. पाणी तापल्याचा वास येतोय. वहिनी कोणाला तरी म्हणतायत, जास्त कढत नाही ना? — डोकं पुढे करा, वन्सं —

न्हाणीत कोणीतरी आहे.

नऊ वाजले

दार लोटलेलं आहे. कडी नाही, नुसतं लोटलेलं. हाक मारली. दादा. दादा. सनई लावलीय कोणीतरी ग्रामोफोनवर —

खाली उतरले. म्हणजे पडले. वही बरोबर घेतलीय. सरकते आहे. हातांवर. दारापर्यंत सात फरश्या.

तीन फरश्या

भटजींनी विचारलं, बसता येईल ना?

दादा म्हणाला, "बस गं. सावकाश."

पाट सरकल्याचा आवाज. कोणीतरी बसलं. मांडी घालून बसलं, दोन्ही गुडघे जमिनीला टेकल्याचा आवाज आला मला. बायका म्हणाल्या, अगंबाई, किती छान —

पोचले दाराशी. मी दारावर हात आपटतेय. त्यांना वाजत नाही. मलाही वाजत नाही.

दादा रडतोय. आनंदाने. म्हणतोय, मी म्हटलं होतं ना, चालशील. शाळेत जाशील. मी स्वतः पोचवीन —

वहिनी कानात सांगतायत. सगळ्या बायका तिच्या पाठीवर थोपटतायत. कुर्र. कुर्र. कुर्र.

दुपार

वहिनी आत आल्या होत्या. माझी ट्रंक घ्यायला. आठवड्याने शाळा आहे ना. मी दारातच आडवी होते. त्यांनी मला ओलांडलं. पाय उचलूनसुद्धा नाही — नुसत्या आल्या आणि गेल्या. गादी गुंडाळली. कुबड्या घेतल्या, चुलीला होतील म्हणाल्या.

मग दाराशी ती आली. वर पाहिलं मी. पहिल्यांदाच तोंड पाहिलं. दमलेलं होतं. माझंच. तिला माझी कीव आली असं वाटलं. तिच्या हातात हजेरीचा कागद होता आणि ती मुलींची नावं पाठ करत होती.

मला त्यातलं एक आठवेना. चौतीस होती. एकही —

हे लिहून ठेवते. कोणी वाचलं तर दादाला सांगा. पाटावर बसली ती मी नाही. मी इथे आहे, दारात, खाली. मला उचला. मी त्याची बहीण. माझं नाव त्याला ठाऊक आहे, त्याला विचारा — नको, मीच लिहिते — अजून येतं मला — माझं नाव